मुलांसाठी धावा

त्या रविवारी भीमाबाईंच्या वर्गात शिवराम ओव्हाळांनी तोंड उघडलं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. बाईंनी त्यांना बोलावलं होतं ते फक्त खडूंचे खोके आणि दोन डझन पाट्या पोचवायला. पोचवून झाल्यावर माणसाने चहा घ्यावा आणि डोंबिवलीची बस धरावी. पण शिवरामरावांचा स्वभावच अस्वस्थ. चार माणसं विचार करत गप्प बसली, की ती शांतता त्यांना सोसत नसे. कोणीतरी काहीतरी बोललं पाहिजे असं त्यांना वाटे, आणि तो कोणीतरी नेहमी तेच निघत.

शीळफाट्याच्या अलीकडे डोंगर फोडून खडी काढायच्या खाणी होत्या. तिथल्या मजुरांच्या मुलांसाठी भीमाबाई चार वर्षं ताडपत्रीखाली वर्ग चालवत होत्या. नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, पासष्टीच्या, आवाज मात्र अजून चाळीस मुलांना पुरेल असा. यंदा त्यांची एकतीस मुलं खऱ्या शाळेत जायच्या लायक झाली होती. गावातल्या शाळेचे हेडमास्तर घ्यायला तयार होते. अडचण एकच, शाळा डोंबिवलीच्या वाटेवर तीन किलोमीटरवर आणि मधला रस्ता डंपरचा. आदल्या वर्षी सगुणा नावाची नऊ वर्षांची मुलगी एकटी हट्टाने शाळेला निघाली आणि डंपरचा धक्का लागून तिचा हात मोडला. हात जुळला, पण वाकडाच. त्या दिवसापासून एकही आई आपलं मूल त्या रस्त्यावर पाठवायला तयार नव्हती.

"टेम्पो हवा," बाई म्हणाल्या. "तो टेम्पोवाला दगडू यायला तयार आहे. पण वर्षाच्या भाड्याची काहीतरी सोय आधी दाखवा म्हणतो. त्याचंही पोट आहे."

जमलेले आईबाप सगळे गप्प. शिवरामरावांनी एक मिनिट कळ काढली.

"मुंबईत हल्ली लोक मॅरेथॉन धावतात," ते म्हणाले. "मुलांच्या संस्थांसाठी. एक माणूस धावतो आणि त्याच्या ओळखीचे लोक किलोमीटरमागे इतके-इतके पैसे देतात. पेपरात आलेलं. आपणही धावू की! डोंबिवलीहून इथपर्यंत, सात किलोमीटर."

आता, सभेत जेव्हा मध्यमवर्गीय माणूस 'आपण' म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ 'तुम्ही' असा असतो, हे कोणीही जाणता माणूस समजून घेतो. भीमाबाईंनी समजून घेतलं नाही. त्यांनी खडू उचलला, फळ्यावर आकडा घातला आणि लिहिलं, '१. शिवराम'.

शिवराम ओव्हाळ एक्कावन्न वर्षांचे होते. नौपाड्यातल्या एका कंपनीत हेडक्लार्क होते, हाताखाली सहा माणसं होती. पण चौथीत ते याच बाईंच्या वर्गात होते.

"बाई, मी म्हणजे... मी व्यवस्था बघेन."

"शिवराम, उभा राहा."

शिवरामराव उभे राहिले.

"धावशील ना?"

"हो, बाई."

घरी ही बातमी सांगितल्यावर शालनताई पोळी लाटायच्या थांबल्या. "तुम्ही? अहो, समोरून बस सुटत असली तरी तुम्ही पुढच्या बसची वाट बघता."

"ते तत्त्वाचा भाग म्हणून," शिवरामराव म्हणाले.

पहिला घाव बसला तो बिल्डिंगचे मालक दामाजीशेठ यांच्याकडे. मानपाड्याकडची वडिलोपार्जित शेतं गेली आणि त्यांच्या जागी तीन बिल्डिंगा उभ्या राहिल्या, असे हे शेठ. बसणं, उठणं, हसणं सगळं ऐसपैस. शिवरामरावांनी संकोचत विषय काढला. शेठ ऐकत गेले आणि त्यांचं पोट हळूहळू हलायला लागलं.

"आरं ओव्हाल, दुसऱ्या मजल्यावर येताना तू तीनदा थांबतस. तू धावनार?" त्यांनी डोळे पुसले. "लिव. पाचशे. किलोमीटरला पाचशे!"

हा आकडा बिल्डिंगभर झाला. शेठनी पाचशे लिहिले म्हटल्यावर कोणी पंचवीस लिहिले, कोणी पन्नास. लोकांनी असा हात सैल कधी सोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी जिना चढता चढता, दुसऱ्या थांब्यावर, शिवरामरावांच्या लक्षात आलं की हा औदार्याचा पूर नव्हता. सगळ्यांचा त्यांच्या पायांवर पूर्ण अविश्वास होता. ते एक किलोमीटरसुद्धा धावणार नाहीत याची प्रत्येकाला इतकी खात्री होती, की प्रत्येकजण दिलदार झाला होता. त्या रात्री ते जेवले नाहीत. म्हणजे भात घेतला नाही.

मग सरावाला सुरुवात झाली. शिवरामराव सकाळी सहाला कॅनव्हासचे नवे बूट घालून मानपाडा रोडला लागले. पहिल्याच वळणावर एका रिक्षावाल्याने रिक्षा आडवी घातली. "कोण सीरियस आहे, काका? बसा, मीटर टाकत नाही." त्याला परत पाठवलं तर दूधवाला भेटला आणि त्याने "कोण गेलं हो?" म्हणून विचारलं. चौथ्या दिवशी तर त्यांच्यामागे दोन तरुण पळायला लागले. आपल्यापासून कोणीतरी स्फूर्ती घेतली या आनंदात शिवरामरावांनी वेग वाढवला. तसा त्यांनीही वाढवला आणि कॉलर धरली. पुढचा माणूस पळतोय म्हणजे त्याने काहीतरी उचललंय, असा त्यांचा समज झाला होता. आपल्याकडे एक्कावन्न वर्षांच्या, पँटीत शर्ट खोचणाऱ्या माणसाला धावायला मृत्यू किंवा चोरी यांपैकी एक कारण लागतंच, हा निष्कर्ष शिवरामरावांनी त्या आठवड्यात काढला.

शेजाऱ्यांनी सल्ल्यांची कमी पडू दिली नाही. समोरच्या खोलीतले आबा पोस्टमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, धावताना श्वास घ्यायचाच नाही, श्वासानेच माणूस दमतो. वरच्या मजल्यावरच्या विमलाबाईंनी मेथी, सुंठ आणि आणखी कशाचा तरी काढा पाठवला. तो घेऊन शिवरामराव त्या दिवशी बरेच धावले, पण ते घरातल्या घरात.

एवढ्यात छापून आलेली कार्डं हातात पडली. शिवरामरावांनी नौपाड्यातल्या छापखान्यात मजकूर दिला होता, 'खाणीतील मुलांच्या शिक्षणासाठी आपणही धावा'. छापखानेवाल्याला तो लांब वाटला. त्याने वर मोठ्या टाइपात छापलं, 'मुलांसाठी धावा', आणि जागा उरली म्हणून दोन्ही बाजूंना एकेक समई टाकली. खाली लोकांनी आकडा घालायला 'धावलेल्या किलोमीटरमागे' अशी ओळ होती.

समया बघून विमलाबाई लगबगीने खाली आल्या. "धावा कधी आहे? आमचं भजनी मंडळ येईल. मुलांसाठी देवाचा धावा करायचा, फार चांगली कल्पना काढलीत हो! प्रसादाचं काय?"

"तो धावा नव्हे, विमलाबाई. धावा म्हणजे पळा."

"कुठे?" विमलाबाईंनी विचारलं.

हेच कार्ड जोडलेला अर्ज घेऊन शिवरामराव पोलीस ठाण्यात परवानगीला गेले. परवानगीच्या साहेबांचं टेबल त्यांच्या ओळखीचं होतं, कारण दर एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीचा अर्ज तेच आणत. साहेबांनी अर्ज वाचला.

"मॅरेथॉन लिहिलंय तुम्ही. मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटरची असते. तुमचा रस्ता सात. उरलेले पस्तीस कुठे धावणार?"

"नाही साहेब, आम्ही सातच..."

"मग ही मॅरेथॉन नाही. खोटी माहिती झाली." त्यांनी 'मॅरेथॉन' शब्द खोडला. मग छापील फॉर्म काढला. फॉर्मवर मोर्चा, मिरवणूक, वरात आणि अंत्ययात्रा अशा चारच जागा होत्या. "यातलं काय?"

"यातलं काहीच नाही, साहेब. नुसतं धावणं."

"धावण्याचा रकाना नाही." साहेबांची नजर कार्डावर गेली. समया दिसल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. "असं सांगा की! धावा आहे. मग मिरवणुकीत बसतं. मूर्ती किती फुटांची?"

शिवरामरावांनी नऊ हेलपाटे घातले. दोनदा साहेब रजेवर होते, एकदा शिक्का सापडला नाही, एकदा फॉर्मच संपले. प्रत्येक वेळी ऑफिसात उशिराची लाल खूण पडली, आणि सहा माणसांच्या साहेबाने आपल्याच हजेरीपटावर लाल खुणा बघणं काय असतं, ते भोगणाऱ्यालाच ठाऊक. अखेर परवानगी हातात आली. जिना उतरता उतरता त्यांनी ती वाचली आणि कठड्याला धरून उभे राहिले.

'मूर्तीविरहित मिरवणुकीस परवानगी देण्यात येत आहे,' असं वर होतं. खाली अटी होत्या. अट क्रमांक चार, 'मिरवणुकीतील इसमांनी शिस्तीने चालावे. धावणे, पळणे व ढकलाढकली करणे यांस सक्त मनाई आहे.'

एप्रिलातला शेवटचा रविवार उजाडला. धावणार म्हणून नावं दिलेली ऑफिसातली सहा माणसं पांढऱ्या अर्ध्या चड्ड्यांत आली. पण चालायचंच आहे ही बातमी पसरल्याने न धावणारे सगळेच आले. आबा काठी घेऊन आले. विमलाबाईंचं भजनी मंडळ टाळांसह आलं. शालनताई आल्या, त्यांच्या मागे जिन्याजिन्यातल्या बायका आल्या. बिल्डिंगमध्ये मासळी घेऊन येणाऱ्या आवडाबाई आल्या. त्यांना शालनताईंनी सगुणाच्या हाताची गोष्ट सांगितली होती, तेवढ्यावर त्यांनी मासळी बाजारातल्या सगळ्या कोळणींकडून कार्डावर आकडे घालून आणले होते.

"मी रोज डोक्यावर पाटी घेऊन येवढं चालतंय," आवडाबाई म्हणाल्या. "आज पयल्यांदा त्याचं पैसं मिळतील. मंग पोरांना मिळूदे."

सगळे मिळून दीडशेवर माणसं झाली. पुढे बंदोबस्ताला मारुती नावाचे हवालदार, मिशा पिकलेले, हातात काठी आणि खिशात परवानगीची प्रत.

शिवरामरावांनी पहिल्या शंभर पावलांत जरा टाच उचलली.

"साहेब," हवालदार मागे न बघता म्हणाले, "चार नंबर."

शिवरामराव चालू लागले. छातीवर आणि पाठीवर शालनताईंनी शिवलेला एक नंबर, अंगात अर्धी चड्डी, मागे टाळांचा गजर, आणि वेग विमलाबाईंच्या गुडघ्यांचा. रस्त्यालगतचे लोक हात जोडून बाहेर येत, मूर्ती शोधत आणि मधोमध शिवरामरावांना बघून गोंधळून हात खाली घेत. एका म्हातारीने मात्र शंका ठेवली नाही. तिने तांब्याभर पाणी त्यांच्या पायांवर घातलं आणि नमस्कार केला. ओला कॅनव्हास तिसऱ्या किलोमीटरला चावायला लागला.

शेजारून दामाजीशेठ स्कूटरवर थोडं पुढे जात, थांबत, असे चालले होते. आपले पैसे कुठे जातात ते डोळ्यांनी बघायला ते खास आले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"ओव्हाल, कार्ड वाचलंस? 'धावलेल्या किलोमीटरमागे'. तू तर चालतस! चार किलोमीटर झाले, धावला एक पन नाय. माझं किती झालं? शून्य!"

हे शिवरामरावांच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेठनी नाही म्हटलं की पन्नासवालेही नाही म्हणणार, पंचवीसवालेही. कोळणी देतील, पण कोळणींच्या पैशांत टेम्पो श्रावणापर्यंतसुद्धा चालणार नव्हता. बाजूने एक डंपर एवढ्या जवळून गेला की शर्ट फडफडला. आपण मोठी माणसं, दीडशेजण, पुढे पोलीस, तरी छाती धडधडते. आणि ती पोरगी इथून एकटी निघाली होती.

"हवालदार," ते पुढे जाऊन म्हणाले, "दोन मिनिटं धावतो हो. कोणाला सांगू नका."

"साहेब, माझ्या नोकरीची पाच वर्षं राहिलीत."

"मुलांसाठी आहे."

"मलापण मुलं आहेत."

एकच किलोमीटर उरला असेल, तेव्हा एका मोरीपाशी हवालदार थांबले आणि त्यांनी काठी काखेत घेतली.

"नमस्कार. माझी हद्द इथं संपली."

"म्हणजे? पुढे कोण येणार बंदोबस्ताला?"

"पुढे दुसरं पोलीस ठाणं. तिथली तुम्ही परवानगी काढली नाही. म्हणजे तिथं तुमची मिरवणूकच नाही."

शिवरामरावांचा धीर सुटला. "अहो, मग ही दीडशे माणसं कोण?"

"रस्त्यानं जाणारी माणसं."

शिवरामराव एक पाऊल पुढे आले. "आणि रस्त्यानं जाणारा माणूस... धावला तर?"

हवालदारांनी टोपी काढली, घाम पुसला. "आता उशीर झाला, की कोण धावत नाही? पण कडेकडेनं. डंपर असतात."

शिवरामराव धावले. पुढे दोन्ही हात, मागे ओल्या बुटांचा फचक-फचक आवाज, तोंड उघडं, आबांचा सल्ला पहिल्या पन्नास पावलांत निकालात. मागे एकच गलका झाला आणि सगळा जमावच धावत सुटला. विमलाबाईंनी साडी खोचली. टाळ आपोआप दुगणीत वाजायला लागले. आवडाबाई शिवरामरावांच्या शेजारून निघाल्या, "चला दादा, चला," म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

"थांब, थांब! कुठनं सुरू केलास?" दामाजीशेठ ओरडले. त्यांना बघायला तर हवंच होतं. पण शिवरामरावांचा धावण्याचा वेग असा, की त्या वेगाने स्कूटर चालवायची सोय कुठल्याच गिअरमध्ये नव्हती. दोन आचके देऊन ती बंद पडली. शेठ उतरले. किक मारली, परत मारली. एक नंबर लांब जाताना दिसला, तसे शेठ स्कूटर ढकलत मागे धावले. डंपर येत, भोंगा वाजवत आणि धूळ उडवत. एकाने शेठना असं कडेला दाबलं, की ते स्कूटरसकट खडीच्या ढिगाला टेकले. तिथून उठले आणि परत ढकलायला लागले.

ताडपत्रीपाशी भीमाबाई आणि मुलं उभी होती. शिवरामराव पोचले आणि दगडावर बसले. बोलायला त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं. त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी. पाच मिनिटांनी शेठ आले. शर्ट पांढरा होता, तो राखाडी झालेला. गुडघा खरचटलेला. त्यांनी स्कूटर सोडून दिली, ती पडली तरी बघितलं नाही, आणि ते जमिनीवरच बसले.

एक मुलगी पाण्याचा लोटा घेऊन आली. उजव्या हातात लोटा, डावा हात कोपरापासून बाहेर वळलेला. शेठनी लोटा रिकामा केला. मग तो परत देताना त्यांनी हात बघितला.

"काय झालं गं पोरी?"

"डंपर," सगुणा म्हणाली.

शेठनी मागे वळून रस्त्याकडे बघितलं. आणखी दोन डंपर एकापाठोपाठ गेले. ते जाईपर्यंत शेठ बघत होते.

"ओव्हाल," ते म्हणाले, "सात लिव."

शिवरामरावांनी मान हलवली. बाकी सगळ्यांनी ते ऐकलंच होतं. त्यानंतर पंचवीसवाला किंवा पन्नासवाला कोणीही 'धावणे' आणि 'चालणे' यांतला भेद काढला नाही.

"पन टेम्पोवर माझं नाव लिवायचं," शेठ जरा श्वास आल्यावर म्हणाले.

"लिहू," भीमाबाई म्हणाल्या. "आधी उठून स्कूटर उचला. वर्गाच्या दारात पडली आहे."

जूनमध्ये शाळा उघडल्या. पहिल्या सकाळी दगडूचा टेम्पो खाणीपाशी आला, तेव्हा बाईंनी शिवरामरावांनाही बोलावलं होतं. सत्कार-बित्कार असेल, म्हणून ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. येऊन बघतात तर टेम्पो रिकामा, आणि मुलं रस्त्याच्या कडेला एका ओळीत, एक पाय पुढे टाकून उभी.

"बसत नाहीत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाजही आज पुरा पडत नव्हता. "धावत जाणार म्हणतात. एवढी मोठी माणसं शाळेसाठी धावत आलेली त्यांनी बघितली. आता शाळेला धावतच जायचं असतं, असं डोक्यात बसलंय. हे तुझं काम, शिवराम. निस्तर."

शिवरामरावांना घाम फुटला. दोन महिने त्यांनी जे केलं, ते या मुलांनी या रस्त्यावर पाऊल ठेवू नये म्हणून. त्यांनी समजावलं. दरडावलं. टेम्पोत स्वतः चढून बसून दाखवलं. मुलं त्यांच्याकडे बघून हसली आणि ओळीतून हलली नाहीत. ऑफिसची वेळ होत आली होती. ओळीतला एक मुलगा "एक, दोन..." म्हणायला लागला.

तेवढ्यात सगुणा ओळीतून बाहेर आली. तिने दप्तर टेम्पोत फेकलं, एका हाताने दांडी धरली आणि चढली. शिवरामरावांच्या समोर फळीवर बसली. मुलांनी तिच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. "तीन" कोणी म्हटलंच नाही. एकेक करून सगळी चढली.

टेम्पो भरला. शिवरामराव दप्तरं आणि गुडघे यांच्या मधोमध अडकले. एक मूल त्यांच्या बुटावर बसलं होतं. उतरायला वाट नव्हती, आणि दगडूने गिअर टाकला होता.

"सगुणा," त्यांनी हळूच विचारलं, "तुला नव्हतं का धावायचं?"

"धावीन की," ती म्हणाली. "साळंत पटांगण हाय."

शाळेच्या फाटकाशी टेम्पो थांबला आणि मागची फळी खाली पडायच्या आत एकतीस पोरं बाहेर उडाली. पटांगण मोठं होतं, मोकळं, चारी बाजूंनी कुंपण घातलेलं. सगळ्यांच्या पुढे सगुणा, दप्तर वाकड्या हाताखाली दाबून.

"साहेब, स्टेशनला सोडू काय?" दगडूने विचारलं. "तुम्हाला लेट झाला."

"थांब रे जरा," शिवरामराव म्हणाले, आणि शेवटचं पोरगं व्हरांड्यात शिरेपर्यंत टेम्पोला धरून उभे राहिले.